वरची ओळ

खानापुरात, स्टेशन रोडला,
पेंटर शांतवन मदले यांचं दुकान म्हणजे
एक शिडी, सात डबे आणि निळीत बुडवलेली दोरी.
दोरीचं एक टोक माझ्या बोटात असे.
दुसरं ताणून बाबा टिचकी मारत
आणि पत्र्यावर निळी रेघ उमटे.
मराठी अक्षरं रेघेखाली टांगायची, ते सांगत,
कानडी अक्षरं रेघेवर बसवायची.
एक लोंबतंय, एक मांडी घालतंय.
डोकं मात्र दोघांनाही लागतं:
इकडं शिरोरेषा, तिकडं तलकट्टु.
"डोक्यावरनंच तर भांडण हाय सगळं."

त्यांच्या आज्याला पाटी शिवायची बंदी होती.
मिशनच्या रात्रशाळेत, कंदिलाखाली,
बाळाप्पाचा बर्नबा झाला त्या वर्षी
त्यानं कौलांच्या भट्टीवर कोळशानं पहिला शब्द लिहिला.
कुठल्या भाषेत, घरात कुणालाच ठाऊक नाही.
दुसऱ्या दिवशी भट्टी पेटली.

एका रात्री पाट्यांवर काळं आलं.
आठ दिवसांनी उरलेल्या अर्ध्यावर, दुसऱ्यांचं.
बाबा रॉकेलचा बोळा घेऊन दोन्ही पुसत राहिले.
"रंग एकाच दुकानातला हाय," म्हणाले,
"वासावरनं कळतंय."

मी धर्मशास्त्र शिकायला बेंगळुरूला गेले.
सुट्टीत आले ती ग्रीकची वही घेऊन,
डोक्यात काळ आणि अनंत, कारण आणि आद्यकारण,
आणि शब्द देही झाला याचे चार अर्थ.
बाबांनी एवढंच विचारलं,
ब्रश टर्पेंटाइनमध्ये हलवत:
"क्रुसावर, त्याच्या डोक्याच्या वर,
पाटी तीन भाषेत हुती न्हवं?
वरची ओळ कुठली हुती गे?"

मी म्हटलं, लिहून ठेवणाऱ्यांचं एकमत नाही.
एक जण एक क्रम सांगतो,
दुसऱ्याच्या काही जुन्या प्रतींत वेगळाच,
उरलेले दोघे भाषांचं नावच काढत नाहीत.
ते खूश झाले.
"म्हंजे तिथंबी मोर्चा निघाला असणार."

मग बराच वेळ एका 'स'ची गाठ नीट करत राहिले.
"लोक गेले सुभेदाराकडं, पाटी बदल म्हणाले.
बदलली न्हाई त्यानं.
लिवून झाल्यावर पाटी न बदलणारं
तेवढंच एक गिऱ्हाईक बघ जगात.
पण लिवली कुणी?
सुभेदार काय शिडीवर चढला नसंल.
तीन लिप्या येणारं कुणीतरी. गुलाम असंल.
पैसे मिळाले असतील का त्याला?
आणि अक्षरं काढताना
खाली कोण टांगणार हाय, ठाऊक हुतं का?"

माझ्या वहीत या प्रश्नाला जागा नव्हती.
समासात लिहून ठेवला.

आई बैलहोंगलची.
प्रार्थना कानडीत, राग मराठीत.
ती गेली तेव्हा बाबांनी क्रूस स्वतः घडवला,
पांढरा दिला, दोरी ताणली, टिचकी मारली
आणि जमिनीवर उभे असून
शिडीवर असल्यासारखे थांबले.
दोन महिने नुसती निळी रेघ.
पाळक विचारून गेले.
दोन्हीकडची माणसं विचारून गेली.
मग एका पहाटे त्यांनी
रेघेखाली सलोमी टांगली
आणि त्याच रेघेवर सलोमी बसवली.
वर-खाली झालंच, ते कुणाला चुकलंय.
पण रेघ एकच.

आता स्टेशन रोडला फ्लेक्स छापतात
आणि बाबांचा हात थरथरतो.
ईस्टरच्या आदल्या दिवशी डबा घेऊन मीच जाते.
आधी कुठली ओळ, असं ते मला विचारत नाहीत.
जिचा रंग जास्त उडालाय तिच्यापासून सुरू करते.
यंदा मराठी. गेल्या वर्षी कानडी.
बाबा शेजारच्या कबरीच्या कट्ट्यावर
दोरीचं एक टोक धरून बसलेले असतात,
रेघ केव्हाचीच मारून झालेली असूनही.